आवाजांची उपासमार

बाबांच्या घरात एकही आवाज मरत नव्हता, आणि नेमकी तीच अडचण होती.

पुण्यात बसून मला याचा पत्ता नव्हता. वहिनी फोनवर सांगायची, "बाबा आता सगळा बोलतत गो ताई, तू काय एक काळजी करू नको." मागून बाबांच्या गळ्यातला बोलका पट्टा घुमायचा, घरातले हसायचे, मीही हसायचे आणि कामाला लागायचे. मी कोर्टात दुभाषी आहे. शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस गजाआड जातो, असलं काम. "सगळा बोलतत" असं दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी त्याची उलटतपासणीच घेतली असती. पण वहिनीची उलटतपासणी कोण घेणार?

मग नेहमीच्या तपासणीत बाबांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगलेली दिसली. ती उद्या फुटेल, दहा वर्षांनी फुटेल, कदाचित फुटणारही नाही. गोव्यातल्या इस्पितळात ऑपरेशन करून ती बंद करता येत होती. पण त्यासाठी बाबांना आवाज देणारी, त्यांच्या मेंदूवर बसवलेली यंत्राची जाळी काढावी लागणार होती, आणि एकदा तिथे व्रण धरला की जाळी परत बसणार नव्हती. म्हणजे जीव राहील, आवाज जाईल. असा निर्णय पेशंटनेच घ्यायचा, असा आता कायदा आहे. पेशंट यंत्रातून बोलत असेल तर त्याच्या आवाजाचा अर्थ घरातल्या दोन माणसांनी एकसारखा सांगावा लागतो, नाहीतर ऑपरेशन होत नाही. ती दोन माणसं म्हणजे रोज त्यांचं सगळं करणारी वहिनी आणि मी.

माझ्यापुरता निर्णय झालेला होता. बाबा हवेत. आवाजाचं पुढे बघू. मुळातच मी उतावळी. रजा टाकली आणि मिळाली त्या एसटीत बसले. आता या एसटीला ड्रायव्हर नसतो, पण उशिरा पोचायची परंपरा तिने सोडलेली नाही.

पाटवळ हे आमचं गाव कुडाळच्या पुढे, डोंगराच्या पोटात. बाबा, म्हणजे उल्हास घाडी, गावाच्या वतीने देवळात गाऱ्हाणं घालायचे. कुणाचा मुलगा बोटीवर निघाला, कुणाची गाय आजारी पडली, कुणाच्या घरात लग्न ठरलं, की नारळ घेऊन माणसं बाबांकडे यायची. बाबा देवासमोर उभे राहून खड्या आवाजात म्हणायचे, "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकराचो झील बोटीर चढता हा, तेका सुखरूप परत हाड रे म्हाराजा!" आणि मागे उभा असलेला गाव एका दमात म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" प्रत्येक वाक्याला. मधे कुणी शंका काढत नाही, की देवा, तारीख जरा पुढे ढकल. गाऱ्हाण्याला होयच म्हणायचं असतं.

त्या माणसाला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ऐकलेलं सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द म्हणून काही यायचं नाही. मान हलवा म्हटलं तर होला नाही आणि नाहीला हो. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात; बाबांनी तर आयुष्यभर दुसऱ्यांची बोरं विकली, आणि स्वतःला पाणी मागायची वेळ आली तेव्हा टोपली रिकामी.

दीड वर्षांपूर्वी त्यांना 'स्वरांकुर' बसवलं. मेंदूवर एक पातळ जाळी आणि गळ्याला आवाज काढणारा पट्टा. घरात सगळे त्याला पट्टोच म्हणतात.

मी पोचले तेव्हा बाबा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, आरामखुर्चीत होते. मला बघून त्यांचा डावा हात वर आला आणि पट्ट्यातून आवाज आला, "घुंईऽ". आतून माझा भाऊ मंदार आणि वहिनी एकदम ओरडले, "व्हय म्हाराजा!" बाबांचा चेहरा फुलला. मीही हसले. खरं सांगते, मला बरं वाटलं.

मग मी विचारलं, "बाबा, चहा घेणार?"

"घुंईऽ."

"व्हय म्हाराजा!" वहिनी म्हणाली आणि चहा घेऊन आली. बाबांनी एक घोट घेतला. मग "किर्रर". पुन्हा व्हय म्हाराजा, आणि मंदारने खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली. मग "डुबुक". व्हय म्हाराजा, आणि वहिनीने त्यांचं तोंड पुसलं. शेजारचे परबकाका कुंपणापलीकडून जात होते. त्यांनीही चालता चालता एक व्हय म्हाराजा टाकला.

"किर्रर म्हणजे काय?" मी विचारलं.

"सावली व्हयी म्हणान," मंदार म्हणाला.

"नाय, चाय गॉड झाली म्हणान," वहिनी म्हणाली.

मी दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"हे तुम्ही प्रत्येक वेळी म्हणता? व्हय म्हाराजा?"

"अगो, पयल्या दिवशी पट्टो वाजलो तेवा तोंडातसून आपोआप इला," मंदार म्हणाला. "बाबा रडाकच लागले. तेवापासून सवयच झाली. तेंका बरा वाटता."

दुसऱ्या दिवशी मी डॉ. रेवती कारापूरकरांना बोलावून घेतलं. जाळी त्यांनीच बसवली होती. मेंदू आणि भाषा या दोन्हींवर काम करणारी, पन्नाशीची, ऐसपैस बाई. आल्या आल्या त्यांनी पट्टा आपल्या टॅबला जोडला, वहिनीने केलेल्या घावन्यांचा समाचार घेतला आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"एकूण आवाज किती म्हणता? छप्पन्न. आणि सगळेच्या सगळे धष्टपुष्ट. असं मी कधी बघितलं नाही."

"म्हणजे चांगलं ना?"

"म्हणजे वाईट." त्यांनी ताट बाजूला केलं. "हे यंत्र शब्द शोधत नाही. जुनी यंत्रं मेंदूतला शब्द पकडायला बघायची. पण यांच्या मेंदूतली शब्दांची जागाच गेलीय, पकडणार काय? म्हणून आम्ही उलटं केलं. यांना काही हवंसं झालं की मेंदूत खळबळ होते. त्या खळबळीवर यंत्र एक आवाज टाकतं, वाटेल तो. मग बघतं, पुढे काय झालं. खळबळ शमली, नाडी उतरली, तर तो आवाज जगला. त्याला पिल्लं होतात, थोडी वेगळी. खळबळ तशीच राहिली तर तो आवाज मेला. प्राण्यांचं जसं होतं तसंच."

"पण यंत्राला अर्थ कळतो का?"

"अजिबात नाही. कळायची गरजही नाही. उत्क्रांतीचा सिद्धांत आला ना, तेव्हा अमेरिकेतल्या काही तत्त्वज्ञांना एक गोष्ट लख्ख दिसली. आपण समजत होतो, शब्द म्हणजे जगाचा आरसा. ते म्हणाले, आरसा कसला, ते तर हत्यार आहे, जगात निभावून न्यायला प्राण्याला मिळालेलं. पक्ष्याची चोच कशाचं चित्र आहे असं विचारतो का आपण? ती काय फोडते ते विचारतो. तसं शब्दाला विचारायचं: तू आल्यामुळे फरक काय पडला? जो फरक पडला, तोच तुझा अर्थ."

मला हे पटलं नाही. माझं पोट अर्थ इकडून तिकडे नेण्यावर चालतं. "मग बाबांच्या आवाजांनी काय फरक पडतो?"

"काहीच नाही. तीच तर गोम आहे. कुठलाही आवाज आला तरी तुम्ही सगळे प्रेमाने एकच म्हणता, आणि यांना इतकं बरं वाटतं की खळबळ तिथेच शमते. चहा मिळो न मिळो. यंत्राला वाटतं, वा, हाही आवाज यशस्वी! समुद्रातल्या काही बेटांवर पक्ष्यांना शत्रूच नसतो. ते पक्षी गुबगुबीत होतात आणि उडायचं विसरतात. तुम्ही या घराचं तसलं बेट केलंय."

वहिनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मगे काय बाबांक नाय म्हणाक सांगतास?"

"नाही म्हणायचं नाही. फक्त होय म्हणणं थांबवायचं. एका आवाजाला एकच कृती. अंदाज बरोबर आला तर आला, चुकला तर चुकू द्या. काही आवाज फुकट जायला हवेत. नाहीतर ऑपरेशनचं विचारलं की हे घुंईऽ म्हणतील आणि तुम्ही प्रत्येकजण आपल्याला हवा तो अर्थ काढाल."

त्या वेळी मला फक्त एवढंच कळलं की कायद्यात टिकेल असा होकार मिळवायला हाच रस्ता आहे. मी होकाराच्या मागे होते, हे लपवत नाही. मंदार म्हणाला, माझ्याच्यान व्हायचा नाय, आणि तो बागेत निघून गेला. वहिनीने डोळे पुसले. राहता राहिले मी. घरात कुणीतरी वाईट व्हायचं असेल तर पुण्याहून आलेली नणंद त्याला सोयीचीच पडते.

दुसऱ्या दिवसापासून घर गप्प झालं. परबकाकांनाही ताकीद दिली. बाबांनी सकाळी "घुंईऽ" केलं आणि ते वाट बघत राहिले. कुणीच काही बोललं नाही. मी अंदाजाने पाणी दिलं. ते त्यांना नको होतं. पुन्हा "घुंईऽ". मी उशी सरकवली. तेही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू भर देवळात गाऱ्हाणं घालताना मागे वळावं आणि गावच नसावा. मी नजर चुकवून भांडी आवरायला लागले. मला स्वतःचीच चीड येत होती.

आवाज मरायला लागले. डॉक्टर ठेवून गेलेल्या टॅबवर रोज दिसायचं, आज अमुक गेला, आज तमुक गेला. बाबा चिडायचे, पट्टा ओढायचे, डाव्या हाताने वाटी भिरकावायचे. एकदा पेजेची वाटी माझ्या कपाळाला लागली. वहिनी धावत आली आणि माझ्या कपाळाकडे न बघता बाबांचा हात चोळत बसली.

"माणसाक रडवन बोलाक शिकवतस?" ती म्हणाली. "तेंका काय व्हया ता माका तेंच्या तोंडावरसून कळता. आवाज कित्याक व्हयो?"

"तुला कळतं ते कायद्याला कळत नाही वहिनी."

"कायदो मगे तेंका न्हाव घालता?"

झटका आल्यापासून बाबांना न्हाऊ ती घालत होती. मी फोन करत होते. पण माघारही घेता येईना. अर्ध्यावर सोडलं असतं तर बाबांकडे ना जुने आवाज उरले असते ना नवे आले असते, आगीतून फुफाट्यात.

मग एका दुपारी मी बाबांना पेज भरवत होते. पट्ट्यातून एक नवाच आवाज आला. आखूड, कोरडा, करवंटीवर टिचकी मारावी तसा. "टक्." मी चमचा मागे घेतला. बाबा थांबले. मी चमचा पुन्हा पुढे केला. "टक्." मी वाटी खाली ठेवली. टॅबवरची खळबळीची रेघ सरळ खाली आली आणि बाबा खुर्चीत मागे टेकले, कुस्ती जिंकलेल्या माणसासारखे. मी पळत जाऊन वहिनीला ओढून आणलं.

दोनचार दिवसांत दुसरा आला, लांब, गळ्यातून घरंगळणारा, "हूंऽऽ". हा हवंसाठी. दोघांनाही पिल्लं झाली आणि ती आपापल्या कामाला लागली. पंख्याला हूंऽऽ, कारल्याच्या भाजीला टक्, परबकाकांच्या गप्पांना आधी हूंऽऽ आणि थोड्या वेळाने टक्. मी मुद्दाम उलटसुलट विचारलं. "पंखा बंद करू? पंखा चालू ठेवू?" दर वेळी उत्तर बरोब्बर. एकदा तर मी माझं कोर्टातल्या कामाचं रडगाणं लावलं होतं, तर मधेच "टक्". मंदार इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या संध्याकाळी वहिनी माझ्याशी बोलली. आपणहून सोलकढी वाढली.

मी बाबांना दिवसभर नाही नाही ते विचारत होते. एक गोष्ट सोडून. ऑपरेशनचं मी सगळं नीट समजावून सांगितलं, दोनदा, चित्रं काढून. शेवटी प्रश्न तेवढा विचारला नाही. मला भीती वाटत होती. छप्पन्न गुबगुबीत आवाजांनी मला हवा तो होकार देऊन टाकला असता, आणि मी ते सगळे स्वतःच्या हाताने मारून बसले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

इस्पितळातला संमती अधिकारी तरुण होता, आवाज मऊ. खोलीत बाबा, वहिनी, मी, डॉ. कारापूरकर आणि भिंतीवरचा कॅमेरा. त्याने बाबांना सगळं पुन्हा समजावलं. मग विचारलं, "काका, ऑपरेशन करायचं?"

"टक्."

"ऑपरेशन नको?"

"हूंऽऽ."

"ऑपरेशन केलं नाही तर जिवाला धोका आहे. कळतंय ना?"

"हूंऽऽ."

"पट्टा ठेवायचा?"

बाबांनी डावा हात उचलून गळ्यावर ठेवला. "हूंऽऽ."

अधिकारी वहिनीकडे वळला. "तुम्ही सांगा. ऑपरेशनबद्दल यांचं म्हणणं काय?"

वहिनीने पदर घट्ट धरला होता. ती बाबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "करा म्हणतत," ती म्हणाली. "व्हय म्हणतत ते. करा."

वहिनीला त्या दोन आवाजांतला फरक माझ्याइतकाच ठाऊक होता. कारल्याची भाजी तिनेच परत नेली होती. ती खोटं बोलत होती, आणि तिचं खोटं मला हवंच होतं. मी फक्त मान डोलवायची होती. दोघींचं एक झालं असतं, कॅमेऱ्यात नोंद झाली असती, बाबा जगले असते. पुढची दहा वर्षं खळ्यात बसले असते. आमच्या डोळ्यांपुढे, गप्प.

अधिकारी म्हणाला, "ताई, तुम्ही?"

बाबाही आता माझ्याकडे बघत होते. ते घाबरलेले नव्हते. पंखा बंद करायला सांगून आता तो बंद होतो का, हे बघावं, तसे बघत होते. आवाजामुळे जो फरक पडतो तोच त्याचा अर्थ, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. त्या खोलीत फरक पाडणारी मी होते. मी होय म्हटलं असतं तर बाबांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं टक् पेजेच्या वाटीइतकंही वजनदार ठरलं नसतं. ते मेलं असतं, आणि ते मेल्यावर बाबांनी पुन्हा कशाला काही म्हणावं?

"नाही म्हणतायत," मी म्हणाले. "ऑपरेशन नको म्हणतायत. मला मान्य नाही. पण ते नाहीच म्हणतायत."

डॉ. कारापूरकरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला. वहिनी उठून बाहेर गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत ती पुढे बसली. पेडणे मागे पडल्यावर म्हणाली, "बोलाक येयना झाला तरी चल्ला असता. डोळ्यांफुडे आसले असते. तू मारलंस तेंका." मला वाटत होतं, ती म्हणते ते खरंच असेल.

बाबा मात्र त्या दिवसापासून सुटलेच. सकाळी उठल्यापासून टक्. या शर्टाला टक्, त्या शर्टाला टक्, मंदारच्या राजकारणाला टक्. एखादी गोष्ट परत पाठवायची, मग हूंऽऽ करून तीच मागवायची आणि आम्ही धावतोय का ते बघायचं. लहान मुलाला पहिल्यांदा दाराची कडी काढता आली की ते दिवसभर कडीच काढत बसतं ना, तसं. आम्ही धावायचो. त्यांनी डोक्याला हात लावला की मला वाटायचं, आज फुटली की काय. मी झोपेतून उठून त्यांचा श्वास बघून यायचे. वहिनीही उठलेली असायची. आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता श्वास मोजून परत जायचो.

रजा संपली. पुण्याला दोन खटले माझ्यासाठी थांबले होते. एसटीची वेळ झाली तशी मी बॅग घेऊन खळ्यात आले. चपला घातल्या आणि बाबांच्या पाया पडले. मग निघताना आपल्याकडे जे म्हणतात तेच म्हणाले, "बाबा, येऊ मी?"

हे काही विचारणं नसतं. जन्मात कुणी याला उत्तर म्हणून नको म्हटलेलं मी ऐकलं नाही. मोठ्या माणसाने "ये" म्हणायचं असतं आणि आपण निघायचं असतं. मी वळलेसुद्धा होते.

"टक्," बाबा म्हणाले.

मी मागे बघितलं. ते हसत नव्हते. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होता.

"बाबा, एसटी आलीय. मला कामावर जायचंय."

"टक्."

फाट्यावर एसटीचा भोंगा वाजला. वहिनी माजघरातून बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्या जवळ आली, माझ्या हातातली बॅग घेतली आणि आत घेऊन गेली.

मी चपला काढल्या आणि बाबांच्या पायांशी जमिनीवर बसले. राहायचं आजच्यापुरतं, की ते असेपर्यंत, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.